आबांच्या कानातलं मशीन

लातूरच्या एका क्लासमध्ये मी जीवशास्त्र शिकवायला लागले, त्या वर्षी आबांसाठी कानाचं मशीन घेतलं. आमच्या घरात त्याआधी एवढी महागडी वस्तू कधी आली नव्हती. माझे वडील शाळेत गेलेले नाहीत. सही तेवढी गिरवून शिकले. अहमदपूरच्या मोंढ्यात पोती उचलून त्यांनी मला बी.एस्सी. केलं. आज मी जी काही आहे ती त्या पाठीमुळे. त्यांना ऐकू यावं, एवढी एकच गोष्ट मला त्यांच्यासाठी करता येण्यासारखी होती.

मशीन घेतलं ते आमच्याच गावच्या माणसाकडून. भूकंपात गाव गेलं तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटलं होतं आणि घरचं कुणी उरलं नव्हतं. पत्र्याच्या शेडमध्ये तो आमच्या शेजारी राहिला, आमच्या चुलीवर जेवला. पुढे लातूरला आला आणि क्लासेसच्या रस्त्यावर त्यानं दुकान टाकलं.

"काका, तुमच्या कानाची जिम्मेदारी आता माझी," तो म्हणाला. मशीन बसवून त्यानं मागून चुटकी वाजवली. आबांनी गर्रकन मान वळवली आणि तिघंही हसलो. झोपताना मशीन काढून डबीत ठेवायचं, हे त्यानं दोनदा बजावलं. आबांनी मान डोलावली.

पण आबा ते रात्री काढत नसत. भूकंपाच्या वेळी जमिनीतली गुरगुर आमच्या घरात सगळ्यात आधी त्यांनी ऐकली होती. त्यांनी ओढून बाहेर काढलं म्हणून आई आणि मी वाचलो. कान गेल्यापासून त्यांना धड झोप नव्हती. आई म्हणायची, "मी हाय की जागी." आबा म्हणायचे, "तू? तुझ्या उशाला ढोल वाजविला तरी तू उठायची न्हाईस." मशीन आलं आणि आबा कितीतरी वर्षांनी गाढ झोपायला लागले. मीही मग त्यांना टोकलं नाही.

वॉरंटी वर्षाची होती. ती संपायच्या बरीच आधी मशीन खरखरायला लागलं. आम्ही दुकानात गेलो की तो म्हणायचा, "ठेवून जा, बघतो." काही दिवसांनी परत द्यायचा, थोडे दिवस बरं चालायचं, पुन्हा खरखर. एकदा मी म्हटलं, दुरुस्तीला ठेवल्याची पावती द्या. तो काही बोलायच्या आधी आबाच माझ्यावर खेकसले, "त्याला पावती मागतीस? माझ्या ताटात जेवलेला हाय तो."

त्याच दिवशी निघताना आबा त्याच्याकडे वाकले आणि हळूच म्हणाले, "रातच्याला काढवत न्हाई रे. भ्या वाटतंय." त्यानं आबांचा हात हातात घेतला. "मला नका सांगू, काका. मला बी ठाव हाय ती रात."

वॉरंटी संपली आणि काही दिवसांनी मशीन बंदच पडलं. आबांची झोप पुन्हा गेली. आम्ही दुकानात गेलो. गर्दी होती. त्यानं मशीन उलटसुलट केलं आणि काउंटरवर ठेवलं.

"मुदत संपली, ताई. कंपनी ऐकत नसते. नवीन मॉडेल आलंय, ते बघा."

"बिघाड मुदतीतलाच आहे. किती वेळा तुमच्याकडे ठेवून गेलो आम्ही."

"कुठं नोंद हाय का?"

मी आबांकडे बघितलं. आबा बाजूला उभे होते, काही ऐकू येत नसल्यानं नुसतेच हसत होते. तेवढ्यात तो काउंटरवरच्या मुलीला म्हणाला, "काका मशीन घालून झोपतेत. भूकंप ऐकायला!" गालाखाली तळहात ठेवून त्यानं डोळे मिटले आणि दुसऱ्या हातानं काउंटर गदगदा हलवला. ती मुलगी हसली. दुसरं एक गिऱ्हाईकही हसलं.

हे समजायला कान लागत नव्हते. आबांनी मशीन उचललं, डबीत ठेवलं आणि पायऱ्या उतरले. रस्त्यावर आल्यावर एवढंच म्हणाले, "कागद लिही."

ग्राहक मंचात अर्ज करायचा तर आधी नोटीस द्यावी लागेल, असं वकीलबाईंनी सांगितलं. मुदतीत केलेली तक्रार मुदत संपल्यावरही धरली जाते, पण ती केली होती हे दाखवता आलं पाहिजे, असं त्या म्हणाल्या. "आणि ते झोपतानाचं लिहू नका. तुमच्यावरच उलटेल." मी घरी येऊन आबांच्या कानाशी ओरडून सांगितलं. आबा म्हणाले, "लिही. घालून झोपत हुतो म्हणून लिही. आपून लबाडी करायची न्हाई." मी लिहिलं. त्यांनी सावकाश सही केली.

दुकानदाराचं उत्तर टपालानं आलं. आबा समोर येऊन बसले. "काय लिव्हलंय?"

मी ओरडून वाचायला लागले. वॉरंटीच्या काळात कोणतीही तक्रार आलेली नाही. ग्राहकानं वापराच्या सूचना पाळल्या नाहीत. तिथं मी थांबले आणि कागदाची घडी घालायला लागले. आबांना अक्षर येत नाही, पण नजर चांगली आहे. त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"हितं अजून एक वळ हाय. ती वाच."

"काही नाही, आबा."

"वाच."

मी वाचलं. त्यांना ऐकू आलं नाही. पुन्हा वाचलं, मोठ्यानं. शेवटी मी कानाला तोंड लावून ओरडले, "सदर ग्राहकाशी आमची कोणतीही ओळख नाही, असं लिहिलंय!" शेजारीण दारात येऊन उभी राहिली.

"कुणाची वळख न्हाई?"

"आपली, आबा."

"आपली?"

"हाव. आपली."

त्यांनी त्या ओळीवरचं बोट उचललं. मग उठले आणि आईला म्हणाले, "जरा हात लाव." दोघांनी मिळून खाट ओढून भिंतीला चिकटवली.

आम्ही मंचात अर्ज केला, तारखा पडत राहिल्या. आबा अजून त्याच जागी झोपतात. झोपताना त्यांचा एक तळहात भिंतीला टेकवलेला असतो. जमीन हलली तर हाताला कळेल, असं ते म्हणतात.