पोळ्याचा मान आणि माझी उडी

आमच्या घराण्याची अब्रू एका किंकाळीने गेली आणि ती किंकाळी माझी होती.

दोष त्या कराटेच्या पिक्चरचा. मंठ्याच्या व्हिडिओ सेंटरवर दुपारच्या खेळाला मी आणि माझा दोस्त सलीम तो अकरा वेळा पाहून आलो. गोष्ट काय, तर गुरूला कोणीतरी मारतं आणि चेला बदला घेतो. बस्स! मधले दोन तास नुसतं 'हूऽऽआ!' गुंड पन्नास, पण रेशनच्या रांगेत असल्यासारखे एकेक करून मार खायला येणार. (शिस्त शिकावी ती या गुंडांकडून!) आणि आम्ही मिसरूड फुटलेले दोन दीडशहाणे शिट्ट्या मारणार.

मलाही बदला हवाच होता. आदल्या पोळ्याला शेजारच्या नामदेवकाकांनी आमच्या जोडीला मागे सारून वेशीतल्या तोरणाखालून आपले बैल पहिले काढले होते. पहिला मान पिढ्यान् पिढ्या आमचा! आबा, म्हणजे माझे वडील, त्यानंतर वर्षभर पारावर बसायला गेले नाहीत. मी कडब्याच्या पेंढ्यांना लाथा घालू लागलो.

"काय करून राह्यला रे?" आबांनी विचारलं.

"बदल्याची तयारी!"

"गप बस. पंचांनी मिटवलंय. यंदा आपली जोडी पहिली. तू बिलकुल मधात येऊ नको."

मिटवलंय? पिक्चरमध्ये कोणी मिटवत असतं का?

पोळ्याच्या दिवशी जोड्या वाजतगाजत वेशीत आल्या. सगळ्यांच्या पुढे आमची, शिंगांना बेगड लावलेली, कासरा आबांच्या हातात. तोरण दोन पावलांवर होतं. तेवढ्यात नामदेवकाका हात पुढे करून आबांकडे निघाले. मला वाटलं, हल्ला! 'हूऽऽआ!' करून मी उडी मारली.

काकांना माझा पायसुद्धा लागला नाही. (त्यांच्या हातात आबांना लावायचा गुलाल होता.) मी शेणात पडलो आणि आमचे बैल उधळले ते आबांना ओढत थेट कपाशीत! मागे राहिली काकांची म्हातारी जोडी. ती कशालाच दचकली नाही. डुलत डुलत तोरणाखालून पहिली गेली.

आबा चिखलातून उठले. "मंग? झाला का बदला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आवाज तो बराबर आया था, चच्चा," सलीम म्हणाला.

तेव्हापासून पोळ्याला आमच्याकडे बैल मोकळे असतात आणि दावणीला मला बांधतात!