भिंतींसाठी चाळीस हजार

आमच्या ऑफिसात कारखान्यांच्या शेडचे नकाशे तयार होतात. कोणता खांब किती जाड, कोणत्या तुळईवर किती भार, छपराला वारा किती लागेल, हे हिशेब अकरा माणसं दिवसभर करत असतात. मी इंजिनिअर नाही. मी नकाशांची नोंद ठेवतो, जुने नकाशे शोधून देतो, पत्रं लिहितो, आणि ज्या कामाला कोणी वाली नसतो ते काम आपोआप माझं होतं.

भाड्याच्या जागेतून आम्ही हथखोजच्या रस्त्यावर स्वतःच्या जागेत आलो, तेव्हा भिंती पांढऱ्या होत्या, फरशी पांढरी होती आणि छतही पांढरंच होतं. भेटायला येणारे कारखानदार खुर्चीत बसण्याआधी चारी बाजूंना बघत आणि विचारत, "सामान अभी आया नहीं क्या?" सामान सगळं आलेलं होतं. साहेबांना हा प्रश्न फार लागायचा. साहेब म्हणजे ऑफिसचे मालक. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून इथल्या पोलादाच्या प्लांटात कामाला आलेले. ऑफिसात साहेब हिंदी बोलतात; घरची बोली फक्त माझ्याशी, आणि राग आला की सगळ्यांशी.

एक दिवस त्यांनी मला बोलावलं.

"भाऊ, भिंतींवर काही लावा आता. ऐरंगैरं नको, क्वालिटी पाहिजे. चाळीस हजार धरले मी."

"मी कावून, साहेब?"

"तुमी पुस्तकं वाचता ना."

माझी पत्नी जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. त्या आठ महिन्यांत साहेबांनी मला अशी बरीच कामं दिली होती. नकाशे गुंडाळून ठेवलेल्या तीनशे नळ्यांना नवे नंबर घालून झाले होते. जिन्यातल्या कुंड्यांची यादी झाली होती. सांत्वन करणं त्यांना जमत नाही, काम देणं जमतं. मीही आभार मानले नव्हते. आमचं बरं चाललं होतं.

आमच्याकडे कोणतंही काम अंदाजपत्रकाशिवाय सुरू होत नाही. बाब, एकक, परिमाण, दर असे चार रकाने असतात. चित्रांनाही तेच लागू झालं. चरोद्याहून स्कूटीवर येणारी एक तरुण इंजिनिअर आहे, तिने टेपचं दुसरं टोक धरलं आणि आम्ही ऑफिसच्या सगळ्या भिंती मोजल्या. मोजल्यावर दारं वजा केली, खिडक्या वजा केल्या, स्विचबोर्ड आणि एसी वजा केले. प्लॅस्टर मोजताना असंच करतात.

"काका, वो आग बुझाने वाला सिलिंडर?"

"वजा करा."

उरलं ६१२ चौरस फूट. चाळीस हजाराला सहाशे बारांनी भागलं. चित्रांचा दर निघाला प्रति चौरस फूट पासष्ट रुपये. साहेबांनी सही केली. यात काही विचित्र आहे असं कोणाला वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटलं नाही.

पासष्ट रुपयांत काय मिळतं ते मी बाजारात जाऊन पाहिलं. छापलेला धबधबा मिळतो, पुठ्ठ्यासारख्या जाड बोर्डावर चिकटवून. पळणारे घोडे मिळतात. परदेशातला एक पूल मिळतो, त्याखाली पिवळा उजेड. दुकानदार म्हणाला, "सर, पूरी दीवार कवर हो जाएगी, एक इंच नहीं दिखेगी." दुसऱ्या दुकानात तेच घोडे होते, तोंड उलट्या दिशेला. दोन दरपत्रकं हाती आली. नियमाप्रमाणे तिसरं हवं होतं, म्हणून मी रुआबांध्याला गेलो.

तिथे माझ्या पत्नीच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई राहतात. दोघींनी एकाच स्टाफरूममध्ये एकोणीस वर्षं काढली. त्या आता निवृत्त आहेत, एकट्या राहतात आणि चित्रं काढतात. अंत्यविधीनंतर मी त्यांना भेटलो नव्हतो. त्यांनी चहा केला. साखर विचारली नाही, त्यांना ठाऊक होती.

मी कामाचं सांगितलं. दराचंही सांगितलं. त्या जराही हसल्या नाहीत.

"पासष्ट रुपये फूट. म्हणजे माहा चेहरा काढला तर साठेक रुपये. नाक वजा कराल काय, भाऊजी?"

भिंतीला टेकवून एक मोठं चित्र ठेवलं होतं, तोंड भिंतीकडे. त्याच्या मागच्या लाकडावर पांढऱ्या रंगाचा डबा होता. हे काय, म्हणून मी सहज विचारलं. त्यांनी जरा वेळ कप हातात फिरवला.

"एकाले त्याच्या बाबाचं पोर्ट्रेट पाहिजे, समाजभवनात लावाले. मापात हाच कॅनव्हास बसते. यावरच पांढरा मारून काढीन म्हणलं. नवा कॅनव्हास महाग हाये, आन् जागा कोठं हाये इथं?"

मग त्यांनी चित्र फिरवलं.

शाळेची स्टाफरूम होती. हिवाळ्यातली दुपार, खिडकीतून तिरपा उजेड. लांब टेबलाभोवती चार बाया सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासत बसलेल्या. मध्ये गठ्ठे, एक उघडा डबा, एक उताणी पडलेली पर्स. डावीकडून दुसरी बाई अर्धी पाठमोरी. लाल पेनचं टोपण दातांत धरलेलं. एका पायातली चप्पल निघालेली आणि तो पाय दुसऱ्या पायावर ठेवलेला.

मी चप्पल ओळखली, पाय ओळखला, मग बाकीचं. एखाद्या मुलाने निबंध वहीतून जसाच्या तसा उतरवला की ती मान अशी तिरपी करायची. पुढच्या क्षणी ती त्या मुलाला नावं ठेवणार होती.

"चार-पाच वर्षांमागचं हाये," बाई म्हणाल्या. "तिले दाखवलं होतं. म्हणे, माही पाठ एवढी रुंद हाये काय? दोन दिवस बोलली नाई."

मी विचारलं, मी हे घेऊ का.

"नाई."

"पैसे देतो, ताई."

"पैशाचं नाई. तुमी घरी नेसान, हॉलमध्ये लावसान, अन् हार घालसान. तिची बहीण येईन, अगरबत्ती लावीन. हार घातला का चित्र गेलं. ती पेपर तपासून राहिली हाये, भाऊजी. तिले देव नका करू."

मी हार घातलाच असता. आमच्याकडे फोटोला हार न घालणं हे माणसाला विसरल्यासारखं धरतात. घरच्या फोटोला चंदनाचा हार आहे. तो मीच आणला.

"ऑफिसात लावत असान तर देते," त्या म्हणाल्या. "चार लोकं पाहतीन. पस्तीस हजार. रविवारपर्यंत थांबते. सोमवारी मले त्या बाबाचं तोंड सुरू करा लागते."

तो मंगळवार होता.

पंधरा चौरस फुटांचं चित्र, पस्तीस हजार रुपये. दर निघाला दोन हजार तीनशे तेहतीस. मी साहेबांसमोर कागद ठेवला. ते आधी कागदाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

"भाऊ, रिसेप्शनचा ग्रॅनाइट स्वस्त होता."

"हो."

"अन् बाकी भिंती?"

"रिकाम्या राहतील."

"सहाशे बारा फुटांपैकी पंधरा फूट? हे काय कव्हरेज झालं? रेट ॲनालिसिस करून आणा."

रेट ॲनालिसिस म्हणजे दराची फोड: माल किती, मजुरी किती, वरचा खर्च किती. साहेबांची त्यावर श्रद्धा आहे. माणूस खोटं बोलेल, फोड बोलणार नाही, असं ते म्हणतात. मी रुआबांध्याला फोन केला आणि बाईंना विचारलं की चित्राला किती दिवस लागले. उन्हाळ्याची पूर्ण सुट्टी आणि नंतरचे बरेच रविवार, मिळून नव्वद. मग मजुरीचा वर्ग विचारावा लागला, कारण आमच्या तक्त्यात कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे वेगवेगळे दर असतात.

"अकुशल लावा," त्या म्हणाल्या. "पाहू किती येते."

अकुशल मजुराचे दिवसाला साडेचारशे धरले. नव्वद दिवसांचे साडेचाळीस हजार झाले. कॅनव्हास, रंग आणि चौकट सहा हजार दोनशे. वरचा खर्च आणि नफा पंधरा टक्के. एकूण त्रेपन्न हजार सातशे पाच.

साहेबांनी कॅल्क्युलेटर काढून पुन्हा केलं. तेवढंच आलं.

"मंग तिले पस्तीसमध्ये परवडते कसं?"

"परवडत नाही."

साहेब खुर्चीत मागे टेकले. पस्तीस वर्षांच्या धंद्यात त्यांनी चढा दर पाहिला होता, पडका पाहिला होता. पण खड्डा खणणाऱ्यापेक्षा कमी मजुरीत नव्वद दिवसांचं काम करून देणारा पुरवठादार त्यांना भेटला नव्हता. "मंजुरीची नोट टाका," ते म्हणाले.

नोट मी बुधवारी लिहायला घेतली. एक पान लिहायला मला दोन दिवस लागले. सहा मुद्दे सोपे होते: जागा, माप, दर, फोड, तुलना, शिफारस. अडचण सातव्याची होती. आमच्या ऑफिसात एक नियम आहे, ज्याचं नातं तो बाजूला. एका ड्राफ्ट्समनच्या साळ्याने एसीचं दरपत्रक दिलं होतं, तेव्हा ड्राफ्ट्समनला खोलीबाहेर बसवलं होतं. बाई माझ्या नातेवाईक नव्हत्या. पुरवठादाराशी माझं काही नातं नव्हतं. मालाशी होतं, आणि मालाबद्दल नियमात काही लिहिलेलं नव्हतं.

सातवा मुद्दा लिहिला नाही तर चित्र वाचणार होतं. साहेब सही करणारच होते. लिहिला तर काय होईल ते मला माहीत नव्हतं. शिवाय मी स्वतःलाच विचारत होतो की हे चित्र चांगलं आहे, की त्यात ती आहे म्हणून मला चांगलं दिसतं. माझ्या पत्नीने आयुष्यभर कॉपी करणाऱ्या मुलांचे मार्क कापले. गुरुवारी संध्याकाळी मी लिहिलं:

"७. चित्रातील डावीकडून दुसरी व्यक्ती ही अधोस्वाक्षरीकर्त्याची दिवंगत पत्नी आहे. सबब अधोस्वाक्षरीकर्त्याची शिफारस निःपक्ष धरू नये."

शुक्रवारी साहेबांनी पेनाचं टोपण काढून नोट वाचायला घेतली. सातव्या मुद्द्यावर ते थांबले. टोपण परत लावलं. ते खिडकीतून समोरच्या वजनकाट्यावर चढणारा ट्रक बघत होते.

"हे लिहिलं नसतं तर मले काय समजलं असतं, भाऊ?"

"नसतं समजलं."

"मंग?"

मी त्यांच्यापुढचा नोटचा कागद सरळ केला. ते म्हणाले, "तुमी बाजूला." मी खोलीबाहेर गेलो. ड्राफ्ट्समन बसला होता त्याच बाकावर बसलो. थोड्या वेळाने त्यांनी चरोद्याच्या मुलीला आत बोलावलं. तिला एवढंच सांगितलं की रुआबांध्याला एक चित्र आहे, ते पाहून उद्या रिपोर्ट दे, आणि काकांना काहीही विचारायचं नाही. नोट त्यांनी तिला दाखवली नाही.

ती शनिवारी दुपारी दोनला गेली. जायला-यायला आणि बघायला मिळून तास पुरे. तीन वाजले, चार वाजले. मी नळ्यांचे नंबर पुन्हा तपासले. दोन चुका निघाल्या. फोन केला नाही. बाजूला म्हणजे बाजूला. पावणेपाचला स्कूटीचा आवाज आला.

"इतना टाइम?" साहेबांनी दारातूनच विचारलं.

"सॉरी सर. मैडम ने चाय पिलाई." मग तिने आमच्या छापील नमुन्यावर लिहिलेला रिपोर्ट दिला. साहेबांनी तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. टेबलाचा उजवीकडचा पुढचा पाय चुकला आहे, असं टेबल उभं राहणार नाही. खिडकीतला उजेड बरोबर आहे. चौघींपैकी कोणीही बघणाऱ्याकडे बघत नाही, त्यामुळे आपणच आवाज न करता उभे राहतो. दहा मिनिटांसाठी गेले होते, दीड तास बसले. घ्यावं. बाकी भिंती रिकाम्या चालतील.

"टेबल उभं नाई राहत?" साहेब म्हणाले.

"नहीं सर. पर चल जाता है."

साहेबांनी सही केली आणि रुआबांध्याला फोन लावायला मलाच सांगितलं. बाई म्हणाल्या, "बरं झालं. पांढरा घट्ट होऊन राहिला होता."

चित्र मंगळवारी आलं. अकरापैकी नऊ जण ते लावायला उभे होते. कुरिअरच्या काट्यावर त्याचं वजन भरलं नऊ किलो. हुक नव्वद किलोंच्या हिशेबाने निवडला, दहापट सुरक्षितता. पाणसळ लावून चित्र सरळ केलं. मग सगळे चुकलेल्या पायाबद्दल बोलू लागले. एकाचं म्हणणं, टेबल डावीकडे कलंडेल. दुसरा म्हणाला, बाईंनी कोपरांचा भार दिलाय, नाही कलंडणार. डावीकडून दुसरी कोण, ते साहेबांनी कोणाला सांगितलं नाही. मीही नाही.

पुढच्या आठवड्यात एक कारखानदार आले. त्यांना गोदामावर मजला चढवायचा होता. साहेब फोनवर होते, म्हणून मी त्यांना रिसेप्शनमध्ये बसवलं. ते बसले नाहीत. हात मागे बांधून चित्रासमोर उभे राहिले.

"कौन हैं ये लोग?"

"टीचर हैं," मी म्हणालो. "कापियाँ जाँच रही हैं."

"ये वाली गुस्से में है." त्यांनी बोट लावलं नाही, नुसती हनुवटी वळवली. डावीकडून दुसरी.

"हाँ. किसी ने नकल की है."

"पकड़ लिया?"

"अभी-अभी."

ते हसले आणि मग खुर्ची चित्राकडे वळवून बसले. साहेबांचा फोन संपला. मी कारखानदारांना आत बोलावायला गेलो, तर हात वर करून ते म्हणाले, "दो मिनट."