दोघांचा खेळ

सत्तरचं दशक संपत आलं होतं. शिरपूरकडे जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी जहाजावर काम करणारा एक माणूस बसला होता. मांडीवर खोका. मी विचारलं, तर म्हणाला, "टीव्हीवर खेळायचा खेळ हाय."

आमच्याकडे टीव्ही कुणी पाहिला होता! त्यानं समोरच्या सीटच्या पाठीवर बोटानं दाखवलं: दोन बाजूंना दोन फळ्या, मध्ये उजेडाचा ठिपका, तो बटण फिरवून फळीनं परतवायचा.

"बंदरावर रणगाड्याचा खेळबी खेळलो. आवाजच लय. मजा ह्याच्यातच हाय."

"पण गावात टीव्ही नाही, मंग काहून आणला?"

तो म्हणाला, "भावाचं अन् माह्यं बोलणं बंद हाय. हा खेळ एकट्याले खेळताच येत नाही."

शिरपूर आलं. खिडकीतून पाहत तो पुटपुटला, "मायनं त्यालेच धाडलं वाटते."

भाऊ हात मागे बांधून उभा होता. यानं उतरल्या उतरल्या खोका उघडला आणि तारेला जोडलेलं एक गोल बटण त्याच्यापुढे धरलं. भावानं ते घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. बस हलली तेव्हा तो विचारत होता, "हे कोणीकडं फिरवा लागते बा?"