होडीचा वाटा

पनवेलच्या ज्या क्लासमध्ये मी गणित शिकवते, तिथे स्कॉलरशिपच्या बॅचमध्ये दर वर्षी एक जागा मोफत असते. पालकांच्या मीटिंगमध्ये आमचे सर या एका जागेबद्दल इतकं बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं, अर्धा क्लास फुकटच चालतो. जागेसाठी परीक्षा होते. गेल्या वर्षी तिचा पेपर मी काढला.

जुन्या पेपरात आंबे होते. तीन मित्र, बारा आंबे, सारखे वाटून घेतले, प्रत्येकाला किती. मला हुक्की आली, आपल्या भागातलं काहीतरी घालावं. म्हणून लिहिलं, 'तीन मच्छीमार एका होडीतून गेले. त्यांना बारा पापलेटं मिळाली. त्यांचे सारखे वाटे केले. तर प्रत्येक मच्छीमाराला किती पापलेटं मिळाली?' सरांना फार आवडलं. लोकल टच आहे म्हणाले.

उत्तर चार. एका मुलीने तीन लिहिलं होतं. तिची आई मार्केटात मासळी विकते.

फुली मारताना माझा हात थबकला, कारण ते तीन कुठून आले ते मला बघताक्षणी कळलं होतं. आमच्याकडे लहान होडीवर तिघं गेले की वाटे चार पडतात. चौथा होडीचा. जाळं फाटतं, लाकूड कुजतं, ते सगळं त्या वाट्यातून भागतं. आमच्याकडे म्हणजे उरणच्या बाजूला, माझ्या माहेरी. वडील दुसऱ्याच्या होडीवर जायचे आणि होडीचा वाटा काढून उरेल ती मासळी घरी यायची. अंकलिपी हातात येण्याआधी मला हे येत होतं.

तरी फुली मारली. प्रश्न दोन गुणांचा होता आणि ती मुलगी एका गुणाने मागे राहिली. जागा ज्याला मिळाली, त्याचे वडील आणखी दोन क्लासची फी भरत होते.

चार दिवसांनी आई तिला घेऊन आली. भर धंद्याच्या वेळी टोपली शेजारणीच्या हवाली करून आली होती. सरांनी समजावलं की एकाचं उत्तर बदललं तर उद्या सगळे पालक दारात उभे राहतील. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. पेपर मॅडमनी काढलाय, त्याच सांगतील.

मी म्हणाले, प्रश्नात दिलंय तेवढंच धरायचं असतं, होडीला वाटा द्या असं कुठे लिहिलेलं नाही.

बाईने आवाज चढवला नाही. "होडी तुमीच लिवली ना? तिला वाटा नाय दिला तं उद्या दर्यात जायचं कशात?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी एक वाक्य बोलले असते तर सरांना ऐकावं लागलं असतं. बोलले नाही. आठ वर्षं त्या क्लासमध्ये मी शुद्ध बोलते. डब्यात कोणी सुकी मासळी आणली की बाकीच्या मॅडम खिडक्या उघडतात आणि हसतात, त्यांच्यात मीही हसते. त्या हसण्यातली माझी जागा मला सोडवेना. मी म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. हे वाक्य किती सहज निघालं, याची मला अजून शिसारी येते.

ती उठली. मुलीची ओढणी नीट केली. दारात थांबून तिने विचारलं, "बाई, तुमी कुठल्या?"

"इथलीच. पनवेलची."

तिने मान हलवली. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट समजूतच होती. मुलीला म्हणाली, "चल. त्यांचा काय दोस नाय. त्यांना कसं ठावं असनार?"