अंगठ्याशेजारचा अंगठा

धाडच्या स्टँडवर संभाजीनगरची एसटी लागली तेव्हा बाबांनी माझी मोठी बॅग स्वतःच आत चढवली आणि कंडक्टरला सांगून टाकलं की पोरगी इंग्लंडला चालली आहे. स्कॉटलंड हा शब्द त्यांना चांगला ठाऊक होता, पण कंडक्टरला तो पेलणार नाही असं त्यांनी परस्पर ठरवलं. धाकटा भाऊ संतोष पाण्याची बाटली घेऊन धावत आला. आई खिडकीखाली उभी होती. ज्वारीच्या बिबड्यांचा, म्हणजे पापडांचा, डबा माझ्या हातात देऊन झाला, डोळे पुसून झाले, आणि गाडी हलायच्या आत तिने मनातला प्रश्न विचारूनच घेतला.

"एवढी शिकली अन् तिकडं जाऊन अंडेच फोडणार काय व?"

गाडीतली माणसं हसली. मीही हसले, कारण खरं उत्तर 'हो' असंच होतं. आमच्या घरात अंडं येत नाही. शेजारची कोंबडी ओट्यावर चढली तरी आई पाणी शिंपडते. त्या घरातल्या पोरीने कोंबडीच्या अंड्यांवर पीएचडी केली आणि पुढेही तेच करायला ती समुद्रापार निघाली, हे आईला कधीच पचलं नाही. लोकांना ती सांगायची, "नंदा डॉक्टर हाये, पण मानसाची नाही." त्यापुढे कोणी विचारलं की विषय बदलायची.

तुमच्यापैकी जे गावीच राहिले त्यांना, आणि जे माझ्यासारखे उठून गेले त्यांनाही, मी करते काय ते एकदा सांगायला हवं. इन्क्युबेटरमध्ये तीनचार दिवस उबवलेलं अंडं घ्यायचं, कवचाला नखाएवढी खिडकी पाडायची आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. आत जीव असतो, काळीज उडत असतं, आणि अंगाच्या बाजूला जरा फुगवटा आलेला असतो. तो पंख. हाडं नाहीत, बोटं नाहीत, सगळ्या पेशी दिसायला सारख्या. तरी दोनेक दिवसांत त्यातल्याच काहींचा खांदा होतो, काहींचं कोपर, काहींची बोटं. कोणाला कसं कळतं आपण कोण व्हायचं? मला हा प्रश्न बुलडाण्याला बीएस्सीला असताना पडला आणि अजून सुटलेला नाही. सुटत नाही म्हणूनच तो मला आवडतो.

थोडंफार कळलंय ते असं. फुगवट्याच्या मागच्या कडेला, जिकडे करंगळी यायची तिकडे, काही पेशी एक रेणू सोडत असतात. त्याचं नाव मोठं आणि जरा पोरकट आहे, व्हिडिओ गेमवरून ठेवलेलं, लॅबमध्ये आम्ही नुसतं एसएचएच म्हणतो. तो कडेकडून आत पाझरत जातो. शेतात पाण्याच्या दांडाजवळच्या वाफ्याला पाणी जास्त मिळावं आणि लांबच्याला कमी, तसं. ज्यांना भरपूर आणि बराच वेळ मिळालं त्यांची करंगळी होते, ज्यांच्यापर्यंत पोचलंच नाही त्यांचा अंगठा. टोकाच्या कडेवर आणखी एक पट्टी असते, ती 'वाढत राहा' असा निरोप देत राहते. ती पट्टी लवकर काढली तर हात दंडाशीच थांबतो, उशिरा काढली तर मनगटापर्यंत येऊन थांबतो.

सगळ्यात गंमत पुढे आहे. करंगळीच्या कडेच्या थोड्या पेशी उचलून दुसऱ्या अंड्यातल्या पंखाच्या अंगठ्याकडच्या कडेला लावल्या की तिथेही बोटं येतात, आरशात बघितल्यासारखी उलट क्रमाने. मुख्य म्हणजे त्या नव्या पेशी स्वतः बोटं होत नाहीत. त्या आजूबाजूच्या स्थानिक पेशींना सांगतात आणि ते स्थानिक लोक बोटं करतात. त्यांना उचलून परक्या जागी ठेवलं, तरी त्या आपल्या गावचाच निरोप देत बसतात.

हे पहिल्यांदा स्वतःच्या हाताने जमलं त्या दिवशी मला घराची फार आठवण आली. एव्हाना माझ्या लॅबमधली ग्लासगोची पोरगी 'हो'ला 'हाव' म्हणायला शिकली होती आणि माझ्या डब्यातल्या ठेच्यावर हक्क सांगत होती. इथल्या मराठी मंडळात मात्र माझं कोणी ऐकलं नाही. तिथे बहुतेक पुण्याकडचे. मी चुकून 'मला'च्या जागी 'मले' म्हणाले की ते प्रेमाने हसायचे, आणि मी पुढचं वाक्य जपून बोलायची. पेशींचंही असंच आहे म्हणा, लावायला उशीर झाला तर शेजारच्यांचं सगळं ठरून गेलेलं असतं.

आणि मग आमच्याच घरी पाळणा हलला. संतोषची बायको मनीषा बाळंतपणाला माहेरी, अमडापूरला गेली होती. मुलगी झाली. तिच्या उजव्या अंगठ्याच्या शेजारी आणखी एक छोटा अंगठा होता, नखासकट. संतोषने मला फोटो पाठवला आणि खाली काहीच लिहिलं नाही.

मी फोटो मोठा करून बघितला आणि, खरं सांगते, आधी मला आनंदच झाला. इतकी वर्षं अंड्यात बघितलं ते माझ्या भाचीच्या हातावर होतं. अंगठ्याच्या कडेला नको तिथे थोडा निरोप पोचला होता, बस. मी संतोषला उत्साहाने लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवला. त्याचं उत्तर आलं, "ताई, आई म्हणते गिऱ्हनात कांदा कापला म्हणून झालं."

तसं झालं होतं खरं. सातव्या महिन्यात ग्रहण आलं. आईने मनीषाला निजून राहायला सांगितलं होतं. संतोष शेतातून भुकेला आला, ती उठली आणि तिने कांदा चिरला. सव्वा महिना उलटला तरी सुनेला घरी आणायचं नाव आई काढेना. आधी ऊन फार होतं, मग पाहुणे होते, मग दिवस बरा नव्हता. संतोष दोन्हीकडे मान हलवायचा. मला मनीषाची काळजी वाटायला लागली. अशी लांबलेली माहेरं पुढे कशी संपतात ते आपण सगळ्यांनीच पाहिलंय.

मी आईला फोन केला आणि शास्त्र सांगितलं. म्हटलं, कापल्याने तुटायला हवं होतं ना, जास्तीचं कसं आलं? मला चेव चढला. म्हटलं, आई, माणसाच्या बाळाची बोटं दुसरा महिना संपेपर्यंत तयार होऊनही जातात. सातव्या महिन्यात कांदा कापा नाहीतर झाड कापा, बोटांना काही होत नाही.

आई विचारात पडली. मला वाटलं, जिंकले.

"मंग दुसऱ्या महिन्यात काय केलं तिनं?" आई म्हणाली.

आणि तिला आठवलंही. दुसऱ्या महिन्यात मनीषा बहिणीसोबत लोणारला गेली होती, तळ्यापर्यंत खाली उतरली होती. ते खारं पाणी, ती उतरण. मी कांद्याची सुटका केली होती आणि सुनेला तळ्यात ढकललं होतं. पीएचडीचा असा उपयोग दुसऱ्या कोणी केला नसेल.

चार दिवसांनी मनीषाचाच फोन आला. ती मला कधी आपणहून फोन करत नाही. बाळाचं, हवेचं विचारून झालं. मग ती म्हणाली, "ताई, तुमाले समजते यातलं. म्या काय केलं असन?"

मी म्हटलं, काही नाही केलंस. पण तिचा विश्वास बसला नाही. ती आपला एकेक महिना पुन्हा तपासत बसली होती, काय खाल्लं, कुठे पाय घसरला, कोणावर चिडली. फोन ठेवल्यावर मला रडू आलं. आईचाही मला राग येईना. तिने फक्त कारण मागितलं होतं. मी इतके दिवस काय नाही तेवढंच सांगत होते, काय आहे ते सांगतच नव्हते.

म्हणून पुन्हा फोन केला, या वेळी संतोषला. त्याच्या विहिरीवरची मोटर मोबाइलने सुरू होते, त्यावरून समजावलं. म्हटलं, त्या रेणूच्या जनुकाचं बटण असंच जनुकापासून फार लांब असतं. त्या बटणात एक अक्षर बदललं, तर मोटर जिथे चालायला नको तिथेही जरा चालते आणि कडेच्या वाफ्यात पाणी जातं. ते बदललेलं अक्षर बहुतेक वेळा आईकडून नाहीतर बापाकडून येतं. घराण्यात कोणाला ठळक, कोणाला पुसट, कोणाला दिसतच नाही. तेव्हा दोन्ही घरच्या सगळ्यांच्या दोन्ही हातांचे फोटो पाठव.

मग हात यायला लागले. अमडापूरहून मेंदीचे हात आले, मिरच्या तोडून काळे पडलेले, लसूण सोलता सोलता थांबलेले. चुलत भावाने हातासोबत नवं घड्याळही पाठवलं. कित्येक हात मी नाव न वाचता ओळखले आणि मला स्वतःचंच नवल वाटलं. तोंडं विसरायला लागली होती, हात नाही. शेवटी बाबांचा फोटो आला, अंधुक. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी तांदळाएवढा उंचवटा.

मी तडक व्हिडिओ कॉल लावला. बाबा, ते काय आहे?

"मस हाये. लहानपणापासून हाये," बाबा म्हणाले. नंतर आठवून सांगितलं की त्यांच्या आईने तिथे घोड्याचा केस बांधला होता म्हणे. काहीतरी लोंबत होतं, ते सुकून पडलं. पाऊसपाण्याचं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. इतके दिवस बोलला का नाहीत म्हटलं, तर म्हणाले, कोणी विचारलंच नाही. ते लपवत नव्हते. घरातल्या कोणालाच त्या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायचं सुचलं नव्हतं, त्यात मीही आले. त्याच हाताने त्यांनी मला अक्षरं गिरवायला शिकवलं आणि माझा विषय हाताचा.

आईने त्यांचा हात उजेडात ओढला आणि अंगठा दाबून बघितला. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने तो हात असा कधी बघितला नसावा. मी प्रामाणिकपणे सांगितलं की तपासणी केल्याशिवाय खात्री देता येणार नाही. ते तिने ऐकलंच नाही.

रविवारी ती बाबांना आणि संतोषला घेऊन जीपने अमडापूरला गेली. संतोषने मला फोनवर सोबत घेतलं होतं. मनीषाची आई चहा घेऊन आली तसं आई उभ्या उभ्याच बोलली. "तुमच्या पोरीत काही नाही. ते आमच्याच घरचं हाये. दाखवा हो हात." आणि बाबांनी शाळेत नखं दाखवतात तसा हात पुढे केला.

मला हसू आलं आणि चीडही आली. सुनेमुळे झालं असं वाटत होतं तोवर तो दोष होता. स्वतःच्या नवऱ्याकडून आलंय म्हटल्यावर एका दिवसात ती घराण्याची खूण झाली. हे मी आईला पुढे बोलूनही दाखवलं, ती म्हणाली खरं हाये तुझं, आणि भाजी निवडत राहिली.

पण त्या दिवशी मनीषाचं समाधान झालं नव्हतं. तिने फोन स्वतःकडे वळवून मला विचारलं, "ताई, डॉक्टर म्हणतात आपरेशननं निघून जाईन. पण हिच्या पोरायले पुन्हा होईन काय?"

होऊ शकतं, मी म्हटलं. कापल्याने बोट जातं, आतलं अक्षर जात नाही. निम्मी शक्यता धर.

मनीषा लेकीकडे बघत राहिली. मागून आईने बाळ उचलून घेतलं. "झालं तं झालं," ती म्हणाली. "कुठंही गेली तं आपली हाये म्हणून वळखू येईन."

मी इथे लॅबच्या जिन्यात उभी होते. फोन ठेवून मी आत आले, टेबलाच्या दिव्याखाली माझे दोन्ही हात धरले आणि अंगठ्याच्या बुडाशी बराच वेळ शोधलं. दोन्हीकडे काही नव्हतं, आणि मला फार वाईट वाटलं.