अण्णांच्या पोत्यातली माती

शेतकऱ्याच्या मुलाने कोथिंबीर कशी पेरायची हे मोबाइलवर बघून शिकावं, ही काही चारचौघांत सांगायची गोष्ट नाही. मी ती सांगत नव्हतोच. नांदेडच्या आमच्या घराच्या गच्चीवर, कानात इअरफोन घालून मी ते व्हिडिओ बघायचो आणि जिन्यावर पाय वाजले की फोन पालथा करायचो. बायको विचारायची, "असं लपूनछपून काय बघता हो?" मी म्हणायचो, बातम्या. कॉलेजात इतिहास शिकवणारा पन्नाशीतला माणूस, धने पेरण्याआधी रगडून त्यांच्या दोन फाका करायच्या असतात, हे नव्याने शिकत होता. आणि त्याचे वडील तिकडे औशाजवळच्या गावात जन्मभर तेच करत आले होते.

अण्णांना का विचारलं नाही, तर विचारायची लाज वाटत होती. मला लहानपणीच लातूरला वसतिगृहात टाकलं होतं. सुट्टीत गावी गेलो आणि खुरपं हातात घेतलं, तर अण्णा ते काढून घ्यायचे. "तुजं काम न्हाई हे. तू पुस्तक धर." पोराच्या हाताला माती लागत नाही याचा त्यांना केवढा अभिमान. आता पिकलेल्या केसांनी फोन करून त्यांना काय विचारू, मेथीला पाणी किती घालू म्हणून?

तो व्हिडिओवाला सोपा होता. लोह्याच्या रस्त्याला त्याची नर्सरी. व्हिडिओ सुरू करताना म्हणायचा, "राम राम, जय भीम, सलाम, ज्याला जे चालतं ते त्यानं घ्यावं." फोन त्याची बायको धरायची, तिचा अंगठा कायम कोपऱ्यात दिसायचा. हा बोलण्याच्या भरात चुकला की पलीकडून आवाज यायचा, "अहो, शेवंती हाय ती. झेंडू काय म्हणून राहिलेत?" तो ते काढून टाकत नसे. मध्येच ट्रकचा हॉर्न, मध्येच गिऱ्हाईक. मेलेली रोपं मात्र तो हौसेने दाखवायचा. उपटून, मुळं कॅमेऱ्यापुढे धरून, हे कसं मेलं ते सांगायचा. स्वतःच्या आवाजावर त्याचं भारी प्रेम होतं. पण माझ्या कुंड्यांत मेथी आली ती त्याच्यामुळे.

काळ्या मातीचा व्हिडिओ मी दोनदा बघितला होता. तो म्हणाला होता, "आपल्याकडच्या लोकायला वाटतं, काळी माती म्हणजे सोनं. हाव, सोनंच हाय, पण रानात. तिथं पाणी पीत पीत खाली जायला तिला जागा हाय. कुंडीत कुठं जाईल ती? वल्ली झाली की लगदा, वाळली की वीट."

दिवाळीनंतर अण्णा आमच्याकडे राहायला आले. आई गेल्यापासून गावाकडच्या घरात त्यांचं मन लागत नव्हतं. शेत धाकटा भाऊ बघतो, आणि डोळ्यांत मोतीबिंदू झाल्यामुळे तो त्यांना एकट्याने रानात जाऊ देत नव्हता. येताना त्यांनी एसटीतून एक पोतं आणलं. कंडक्टरने विचारलं, काय आहे पोत्यात? हे म्हणाले, माती. म्हातारा आपली चेष्टा करतोय असं वाटून कंडक्टर बराच वेळ हुज्जत घालत होता म्हणे. मी स्टँडवर घ्यायला गेलो, तेव्हा अण्णा पोत्यावर हात ठेवून बसले होते. म्हणाले, "सूनबाई सांगत होती, तू गच्चीवर भाजीपाला करायलास. शहरातल्या मातीत काय दम असतो? हिरीजवळची आणली, आपल्या खालच्या रानातली."

म्हणजे बायकोने सांगून टाकलं होतं. मी पोतं उचललं आणि रिक्षाकडे निघालो.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी माझ्या सगळ्या कुंड्या पालथ्या केल्या आणि आपली माती भरली. मला तो व्हिडिओ शब्दन्‌शब्द आठवत होता. पण अण्णा गुडघ्यावर बसून ढेकळं फोडत होते, चिमटीत माती घेऊन वास घेत होते, आणि किती तरी महिन्यांनी त्यांच्या तोंडून ओव्यांसारखं काही गुणगुणणं येत होतं. अशा माणसाला काय सांगायचं? की अण्णा, तुमची माती चालत नाही, असं लोह्याच्या रस्त्याला एकजण म्हणतो?

मेथी उगवली आणि पिवळी पडली. टोमॅटोची रोपं जागच्या जागी थिजली. वाळली की माती कुंडीच्या कडेपासून सुटायची आणि घातलेलं पाणी त्या फटीतून तसंच खाली गच्चीवर यायचं. जास्त घातलं की वर साचून राहायचं. अण्णांनी राख घातली, ताक घातलं, शेणाचं पाणी घातलं. एक दिवस त्यांनी सगळी रोपं उपटली, कुंड्या भिंतीशी ओळीने ठेवल्या आणि खाली येऊन पलंगावर बसले. बायकोने चहा दिला तर म्हणाले, "हात गेला बाई माजा. इतकी वर्सं रान केलं, अन् एक मेथीची जुडी येईना."

त्यानंतर ते गच्चीवर येईनात. जेवण झालं की भिंतीकडे तोंड करून पडायचे. टीव्ही लावला तर नको म्हणायचे. ते स्वतःला आता कशातच धरत नव्हते, आणि त्याचं कारण मला ठाऊक होतं. कारण माहीत असून गप्प बसणं मला सोसेना, आणि सांगणंही जमेना.

मग लातूरहून बहिणीचा फोन आला. तिकडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं म्हणून ती अण्णांना चार दिवसांसाठी घेऊन गेली. मी त्याच दुपारी नर्सरी गाठली.

व्हिडिओत दिसतो त्यापेक्षा तो बुटका होता. मी सगळं सांगितलं. म्हणजे खरोखर सगळं सांगितलं, पोतं, कंडक्टर, भिंतीकडे तोंड करून पडणं, सगळं. परक्या माणसापुढे जीभ कशी सैल सुटते देव जाणे. तो खो खो हसला आणि म्हणाला, "सर, काहून टेन्शन घेऊन राहिले? सरळ सांगून टाका की बापाला."

"नाही सांगता यायचं. त्यांना फार लागेल."

"मग करा गुपचूप," तो म्हणाला. "कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा, गांडूळखत, थोडी वाळू. रंग काळाच दिसतोय. म्हाताऱ्याला काय कळतंय?"

ते शेवटचं वाक्य मला खटकलं होतं. खटकलं आणि मी त्यावर मान डोलावली. रिक्षात टाकून सगळं घरी आणलं, कुंड्या रिकाम्या केल्या, नव्या मिश्रणाने भरल्या आणि वरून अण्णांच्या मातीचा एक हलका थर दिला. उरलेली माती पोत्यात भरून कॉलनीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर नेली. तिथे लोक बांधकामाचा राडारोडा टाकतात. मी ती त्यावर ओतली, पोतं झटकलं आणि मागे न बघता आलो. बायको दारात उभी होती. म्हणाली, "चांगलं नाही केलं तुम्ही." मी तिच्यावरच ओरडलो.

अण्णा परत आले, तेव्हा मी म्हणालो, "एकदा परत लावून बघू. माती तुमचीच आहे, नुसतं शेणखत मिसळलंय." त्यांनी कुंडीत बोटं घातली. चिमूट उचलून चोळली. बराच वेळ चोळत राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "खतानं मऊ पडली व्हय?" मी हो म्हणालो. त्यांनी रोपं लावली.

आणि मग ते टोमॅटो आले! मेथी तर अशी दाट आली की अण्णा सकाळी चहाच्या आधी जिना चढू लागले. शेजारच्या घरांत जुड्या वाटल्या. गावाकडे भावाला फोन लावून सांगितलं, "आपल्या हिरीजवळची माती हाय. सिमेंटावर बी पिकती." भाऊ मला म्हणाला, दादा, अण्णांचा आवाज किती दिवसांनी असा ऐकला. मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू, स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटायचं. गांडूळखत आणायला परत नर्सरीत गेलो, तेव्हा अण्णा आपल्या मातीची थोरवी कशी सांगत असतात, हेही त्याला सांगून आलो. पण कुणी पाहुणा गच्चीवर आला आणि अण्णा मातीची थोरवी सांगू लागले की मी काही तरी निमित्त काढून खाली यायचो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

एक चूक मी हौसेने केली. अण्णांचं ऐकून बहिणीनेही कुंड्या आणल्या, तेव्हा मी तिला त्या नर्सरीवाल्याचे व्हिडिओ पाठवले.

अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन लातूरलाच झालं. डोळ्यावर पट्टी, पडून राहायचं, म्हणून बहीण स्वयंपाक करताना व्हिडिओ लावायची आणि फोन अण्णांच्या उशाशी ठेवायची. त्यांना तो माणूस आवडला होता म्हणे. बोलतोय बराबर, म्हणायचे.

एका सकाळी तिचा फोन आला. आवाज दबका होता.

"दादा, त्या नर्सरीवाल्याचा नवीन व्हिडिओ बघितलास का?"

"नाही. का?"

"तो सांगायलाय, त्याच्याकडं एक सर आले. वडील औशाकडचे. एसटीतनं पोतंभर माती आणली. कंडक्टरसंगं भांडण." तिने आवाज आणखी खाली आणला. "पोरानं गपचूप माती बदलली अन् म्हातारा अजून सांगत फिरतोय, माजीच माती हाय मनून. हसला लई. त्याची बायकोबी हसली."

मी विचारलं, "अण्णा कुठं आहेत?"

"इथंच. त्यांच्या उशालाच होता फोन." मग म्हणाली, "अण्णाबी हसले रे दादा. त्यांच्यासंगं हसले. मग मनले, बंद कर."

मी तो व्हिडिओ बघितला. त्याने माझं नाव घेतलं नव्हतं. वाईट हेतूही नव्हता, काळ्या मातीची गोष्ट चांगली रंगवून सांगितली होती एवढंच. खाली लोकांनी हसण्याची चित्रं टाकली होती. त्याला फोन करून झाडावं असं फार वाटलं. पण झाडणार काय? त्याला कुणी सांगितलं होतं?

अण्णा लातूरहून आले, तेव्हा मी स्टँडवर गेलो. ते नेहमीसारखे बोलले. बहिणीची मुलं, डॉक्टरांनी दिलेले थेंब, बसमधली गर्दी. घरी आल्यावर जेवले, झोपले. मला वाटलं, रागावतील तर बरं. दोन दिवस मी त्यांच्यासमोर ताटावर बसायचं टाळलं. बाहेरची कामं काढली, कॉलेजात उगाच थांबलो. आपल्याच घरात मी तोंड लपवत होतो, आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

तिसऱ्या सकाळी ते घरात कुठे दिसले नाहीत म्हणून मी गच्चीवर गेलो, तर तिथेच होते. एका कुंडीजवळ बसले होते. गडद चष्मा लावला होता. टोमॅटो पिकून लोंबत होते, कुणी तोडले नव्हते. मी जवळ जाऊन उभा राहिलो. काही तरी बोलायचं म्हणून म्हणालो, "अण्णा, चुकलं माझं."

त्यांनी कुंडीतलं एक वाळकं पान खुडलं. मग विचारलं, "माजी माती कुठं हाय?"

मागच्या प्लॉटवर, म्हणालो. राड्यारोड्यावर, हेही सांगितलं. आता काय लपवायचं होतं!

त्यांनी मान हलवली. "चालत न्हाई तर फेकायचीच. मला सांगितलं असतंस तर मीच टाकून आलो असतो." मग म्हणाले, "त्या मानसाला सगळं सांगाया आलं तुला. कंडक्टरचंसुद्दा."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटलं असतं की. पेरलेलं उगवलं न्हाई, तवा कितींदा वाईट वाटलं. त्यानं काय मरत असतंय मानूस?"

मी खाली बसलो. त्यांनी कुंडीत बोटं घातली, चिमूटभर काढलं, चोळलं. कोकोपीटचे तांबूस धागे त्यांच्या तळहातावर पडले. ते माझ्याकडे बघत नव्हते, हाताकडे बघत होते.

"त्या दिशी हाताला कळलं होतं मला," ते म्हणाले. "हात सांगत होता, ही आपली न्हाई. पर तू मनलास आपलीच हाय. मंग मला वाटलं, डोळे गेले तसा हातबी गेला. पोरगं कामून खोटं बोलंल?"

खालून बायकोने चहाला हाक मारली. मला त्यांचा तो हात धरावासा वाटला, पण धरायचं तोंड नव्हतं.