पाटीला हात

माझं डोकं पटकन तापतं. अलिबागच्या कोर्टात हे चहावाल्यापासून सगळ्यांना ठाऊक आहे. अपघाताच्या दाव्यांत हा स्वभाव कामी येतो. विमा कंपनीचे वकील गोडीगुलाबीने बोलत असतात, तेव्हा आपल्या बाजूला कुणीतरी तिखट असलेलं बरं. पण एका कोळीण मावशीच्या दाव्यात माझा राग साफ चुकीच्या माणसावर निघाला. ते आठवलं की अजून मला ओशाळल्यासारखं होतं.

मावशी जवळच्या थळ गावची. नवरा पूर्वी बोटीवर खलाशी होता, आता गुडघे गेल्यामुळे घरीच. घर चालायचं ते मावशीच्या डोक्यावरच्या पाटीवर. सकाळी मासळी घ्यायची, बसने बाजारात यायचं, उरलेली दारोदार फिरून विकायची. एके दिवशी ती खासगी बस वळणावर कलंडली. चूक ड्रायव्हरची होती, त्यावर वाद नव्हता. मावशीचा उजवा खांदा मोडला. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण हात काही खांद्याच्या वर जाईना.

दाव्यात प्रश्न एकच होता, मावशीचा धंदा गेला की नाही. गेला हे सिद्ध झालं तर पुढच्या आयुष्याची सोय होणार होती. नाहीतर दवाखान्याचा खर्च तेवढा देऊन तिची बोळवण झाली असती.

मी आतल्या बाजूच्या, भातशेतीच्या गावातली. मासे आवडीने खाते, पण भरलेली पाटी कोळणीच्या डोक्यावर चढते कशी, याचा कधी विचार केला नव्हता. शपथपत्रात मी ठोकून दिलं की खांद्यामुळे अर्जदाराला पाटी उचलता येत नाही, सबब धंदा बंद पडला. मावशीला वाचून दाखवलं, तिने मान डोलावली. साक्षीच्या दिवशी तिला बजावून सांगितलं, "विचारतील तेवढंच बोलायचं. उगाच फाटे फोडायचे नाहीत."

"बरं, बाय," ती म्हणाली. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी तरी मोठी असेल, पण माझं असं शाळेच्या बाईंसारखं बोलणं ती निमूट ऐकून घ्यायची.

विमा कंपनीचे वकील उलटतपासाला उभे राहिले. माणूस हुशार, आणि बहुतेक मासळीबाजारात माझ्यापेक्षा जास्त वेळ काढलेला.

"मासळी डोक्यावरून नेता ना? डोक्याला काही लागलं होतं?"

"नाय."

"खांदा धड होता तेव्हा भरलेली पाटी एकटीने डोक्यावर चढवत होतात?"

"एकटीने कशी चढंल? दुसऱ्या बाईने हात लावायला लागतो. समद्यांनाच लागतो."

"मग आजही तुम्ही सांगितलंत तर बाजारातली कुणी हात लावेल ना?"

मी मनात म्हणत होते, नाही म्हण, निदान सांगता येत नाही म्हण.

"लावंल की," मावशी ठणकावून म्हणाली. "कोण पण लावंल. आमच्या बाया तशा नाय."

झालं! वकीलसाहेब समाधानाने खाली बसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दीड वर्षाची मेहनत हिने एका वाक्यात पाण्यात घातली, आणि तीही कशासाठी, तर बाजारातल्या बायकांचं नाव खराब होऊ नये म्हणून. मी फेरतपासाला उठले ती तावातावानेच. आपल्याच साक्षीदाराशी असं बोलू नये हेही विसरले.

"एवढ्या सगळ्या हात लावणाऱ्या आहेत, तर दीड वर्षात तुम्ही किती वेळा सांगितलंत त्यांना?"

"एकदा पण नाय."

"का?"

मावशीने चांगल्या हाताने दुखऱ्या हाताचं कोपर धरलं. न्यायाधीशांनी कागदावरून मान वर केली आणि माझ्यापेक्षा कितीतरी मऊ आवाजात म्हणाले, "सांगा ना. का नाही सांगितलंत?"

"साहेब, बाजारात आमी बाया एकमेकींच्या पाटीला हात लावतो. ती माजी चढवते, मी तिची चढवते. अशी रीत हाय. आता मना तिची चढवता येत नाय. मग माजी चढव असं कुठल्या तोंडाने सांगू? ती नाय म्हणणार नाय, म्हणून तर माज्याने मागवत नाय."

विमा कंपनीच्या वकिलांनी पेनाला टोपण लावलं. न्यायाधीशांनी ते उत्तर टंकलेखकाला सावकाश सांगितलं आणि पुन्हा वाचून घेतलं, तिचे शब्द बदलू नका म्हणून. मी खुर्चीत बसले. मला स्वतःची लाज वाटली आणि त्या बाईचा अभिमान वाटला. मी दीड वर्ष तिचा हात किती अंश वर जातो ते सिद्ध करत बसले होते. तिचं खरं नुकसान मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

निकाल काही महिन्यांनी लागला, मावशीच्या बाजूने. तिचा धंदा गेला हे कोर्टाने मान्य केलं. ती निकालाची प्रत न्यायला आली, तेव्हा किती मिळणार हे तिने आधी विचारलं नाही.

"माजं ते बोलणं साहेबांनी लिवलंय का?"

"शब्द न् शब्द लिहिलंय, मावशी."

"मग हे कागद घेऊन बाजारात चल, बाय. तिथल्या बायांना वाचून दाखव."

"बाजारात? कशाला?"

"त्यांना वाटतं मी रुसलेय. पैसे मिळणार म्हणून माज आला, असं पण कोण कोण बोलतं. दीड-दोन वर्षं झाली, मी तिकडे पाय नाय ठेवला. माज्या तोंडाने कशी सांगू? सांगितलं का मागितल्यासारखं होतं."

मी कोर्टाचं काम आटपून काळ्या कोटातच तिच्याबरोबर गेले. वकीलबाई कुणावर नोटीस घेऊन आली, म्हणून दोघी-तिघींनी आधी माझ्याकडे संशयानेच पाहिलं. मावशी माझ्या मागे उभी राहिली, पुढे येईचना. मी ओल्या फरशीवर उभी राहून तो परिच्छेद वाचला. निकालाची भाषा रुक्ष असते, आणि मीही कोर्टात वाचावं तसंच वाचत होते. पण तिचे शब्द आले तिथे मी अडखळले आणि पुढची ओळ मला दोनदा वाचावी लागली. गिऱ्हाइकं खोळंबली होती, त्यांच्याकडे कुणी बघेना.

रांगेतली सगळ्यात वयस्कर बाई, जी वर्षानुवर्षं मावशीच्या शेजारी बसायची, ती बराच वेळ खाली मान घालून बोंबील निवडत राहिली. मग पदराला हात पुसून तिने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"म्हंजे तू रुसली नव्हतीस?"

"नाय गो."

म्हातारीने आपली पाटी ओढून पलीकडे सरकवली.

"मग उभी कशाला रायलीस? बस हितं."